दारव्ह्याला इमोंडो

पांढऱ्या मक्याचं चार किलो पीठ आणि बैठकीच्या भिंतीवरून उतरवलेला मुइको (उगाली घोटायचा लांब दांड्याचा लाकडी सराटा) घेऊन मी नाशिक रोड स्टेशनावर उभी होते. हे मला सोडायला आले होते. मी डब्यात चढत असताना ते हळूच म्हणाले, "रोझचा फोन नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

रोझ कोण, ते सांगायला हवं. आम्ही सात वर्षं पश्चिम केनियात काकामेगाजवळ राहिलो. हे तिथल्या साखर कारखान्यात इंजिनिअर होते आणि आमच्याकडे रोझ नावाची बाई स्वयंपाकाला यायची. तिची उगाली (उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ घोटून केलेला घट्ट गोळा, हाताने तोडून कालवणाशी खातात) मी सात वर्षं आवडीने खाल्ली. परत आल्यावर मात्र नातेवाइकांत, महिला मंडळात, कॉलनीत मी आफ्रिकेचा स्वयंपाक येणारी बाई म्हणून मिरवले. दोनदा तर त्यावर भाषणही ठोकलं. खरी गोष्ट अशी की सात वर्षांत मी उगाली एकदाही ढवळली नव्हती. हे फक्त यांना माहीत होतं, आणि नेमक्या त्या वेळी ते खिडकीबाहेर उभं राहून मिश्यांत हसत होते.

गाडी सुटली तशी माझी काळजीही वेगाने धावायला लागली. दारव्ह्याला माझा मोठा भाऊ असतो, वसंतदादा, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. त्याचा प्रशांत नागपुरात फार्मसी शिकत होता, तेव्हा वर्गात नफुला भेटली. ती केनियाची आणि लुह्या जमातीची, म्हणजे आमच्या काकामेगाच्याच बाजूची. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं, दारव्ह्यात औषधांचं दुकान टाकलं. दादा-वहिनींनी तिला लेकीसारखं ठेवलं, पण तिच्या आईने लग्नाच्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं होतं. वडील लहानपणीच गेले. घरात शब्द चालतो तो थोरल्या काकांचा, वेकेसा यांचा. त्यांनी निरोप पाठवला होता की मी आधी त्या घरात जाऊन जेवीन, माझी मुलगी कशी राहते ते बघीन, मग काय ते बोलेन. ते चांगलं बोलले तरच आई फोन उचलणार होती. दीड वर्ष नफुला दर रविवारी आईला फोन लावत होती, आणि दर रविवारी तो वाजून वाजून बंद होत होता.

आता हे काका एका मित्राच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आले होते आणि एकच दिवस दारव्ह्याला येणार होते. त्यात नफुला दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. तिने मला फोन केला. ती मराठी सासूकडून शिकली, त्यामुळे बोलते अस्सल वऱ्हाडी. "आत्या, तुमी या. तुमाले सगळं येते. काकाले घरचं वाटलं पाह्यजे."

आता या पोरीला मी काय सांगणार होते? हो म्हणाले.

बडनेऱ्याला सकाळी उतरले, तिथून एसटीने यवतमाळ आणि पुढे काळी-पिवळी जीप. कापूस फुटला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, मधूनमधून पिवळ्या फुलांवर आलेली तूर, सोयाबीन निघून गेलेली मोकळी रानं. कापूस भरून गेलेल्या गाड्यांतले पुंजके बाभळीच्या काट्यांना अडकून राहिलेले. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं, कारण हा माझ्या माहेरचा रस्ता. पण मनात एकच चाललं होतं. पाणी आधी की पीठ आधी? रोझ थोडं पीठ थंड पाण्यात कालवून घालायची की कोरडंच? ती पातेलं पायाने दाबून धरायची, एवढं तेवढं लख्ख आठवत होतं.

ड्रायव्हरने माझी पिठाची पिशवी टपावर बांधली होती. लाडखेड मागे पडल्यावर एक मोटरसायकलवाला जोरजोरात हात हलवत शेजारी आला. जीप थांबली. त्याचा काळा शर्ट, मिश्या, भुवया, सगळं पांढरं झालं होतं.

"काय सांडून राह्यले बे वरून?" तो ड्रायव्हरला म्हणाला. "डोये भरले माहे."

टपावरच्या फवारणीच्या पंपाची कडी लागून पिशवी फाटली होती. कितीतरी अंतर आम्ही यवतमाळ जिल्ह्याच्या रस्त्यावर मक्याचं पीठ शिंपत आलो होतो. शेजारी बसलेल्या म्हातारीने माझ्याकडे पाहून विचारलं, "चुना व्हय का बाई?"

"पीठ आहे. मक्याचं."

"पांढऱ्या मक्याचं? कायले पाह्यजे?"

"पाहुणे यायचे आहेत."

तिने उरलेल्या पिशवीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पिशवीतली एक दोरी काढली आणि भोक बांधून दिलं. दीड किलोच्या आसपास पीठ उरलं असेल. मोटरसायकलवाल्याची मी माफी मागितली, तर तो म्हणाला, "जाऊ द्या मावशी, सांभायून न्या आता," आणि चेहरा पुसत निघून गेला. मला मात्र हा अपशकुनच वाटला. मी असलं काही मानत नाही, पण त्या दिवशी मानलं.

दारव्ह्यात आठवडी बाजार भरला होता. दादा स्टँडवर आला होता. "जय भीम, शाले," म्हणत त्याने मुइको हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "हे घेऊन आली तू नाशिकहून? आपल्या घरी चाटू नाई का?" बाजारातूनच त्याने एक गावरान कोंबडी घेतली होती. तांड्यावरच्या शेवंताबाईकडची, पायात सुतळी, पिशवीतून मान बाहेर. रिक्षात ती माझ्या मांडीवर होती आणि आम्ही दोघी सारख्याच घाबरलेल्या होतो.

घरी निर्मलावहिनींनी चहा ठेवला. नफुला प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून दारातच उभी होती. तिने वाकून नमस्कार केला आणि कानात म्हणाली, "आत्या, मले झोपच नाई येऊन राह्यली." मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी आहे ना." असं म्हणताना माझे कान गरम झाले.

संध्याकाळी नफुला आणि प्रशांत दुकानात गेल्यावर मी दार लोटून रंगीत तालीम केली. पाणी उकळलं, पीठ घातलं, मुइको फिरवला. दोन मिनिटांत पातेल्यात लाडवाएवढ्या गुठळ्या तयार झाल्या, आत कोरडं पीठ, बाहेर चिकट खळ. वरून मुइको अडकला आणि दांडा हातातून सुटून शेगडीवर आपटला. वहिनी दार ढकलून आत आल्या. त्यांनी पातेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी," मी म्हणाले, "मला येत नाही. कधीच येत नव्हतं."

"मले माहीत व्हतं," वहिनी म्हणाल्या.

"कसं?"

"तुमच्या तोंडून लई ऐकलं, शालूबाई. पन तुमच्या हाताले कधी घट्टा दिसला नाई." त्यांनी पदर खोचला. "सरका. हे कण्यावानीच दिसते मले."

कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी शिजवून केलेला आमच्या वऱ्हाडातला जाड भात. वहिनींच्या हाताखाली त्या चाळीस वर्षं शिजल्या आहेत. त्यांनी मक्याचं पीठ पुरणार नाही हे पाहून निम्मं ज्वारीचं मिसळलं, पातेलं पायाखाली नव्हे पण सांडशीने घट्ट धरलं आणि मुइको कडेने दाबत फिरवायला लागल्या. गुठळी दिसली की भांड्याच्या बाजूला चिरडायची. दहा मिनिटांत गोळा सुटून आला. मला तर हायसं वाटलं, पण ज्वारीमुळे रंग करडा झाला होता. त्याची नवी काळजी लागली.

नफुला परत आली तेव्हा तिने डाव्या हाताने एक तुकडा तोडला, चघळला आणि लगेच दुसरा तोडला. मग म्हणाली, "माही आजी अशीच करे. ज्वारी टाकून. शहरात कोनी टाकत नाई." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी म्हणाल्या, "आता रडू नको, उद्या रड." आणि आम्ही दिवा मालवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच प्रशांत आणि नफुला भाड्याची गाडी घेऊन नागपूरला विमानतळावर गेले. काकांना घेऊन जेवणवेळेला परतणार होते. आम्ही तिघं स्वयंपाकाला लागलो. वहिनींनी तांदुळज्याची भाजी निवडायला घेतली. तिकडे तिला वेगळं नाव आहे, पण पानं तीच. दादाने परसात पऱ्हाटीच्या काड्यांची आग पेटवली, कोंबडी सोलून जाळावर भाजून घेतली. लुह्या घरांत कोंबडी आधी अशीच जाळावर धरतात, मग तुकडे करून पाण्यात शिजवतात आणि नंतर कांदा, टोमॅटो, मीठ घालून परततात. बाकी काही नाही. वहिनींना हे पटत नव्हतं.

"तिखट नाई?"

"नाही."

"मसाला?"

"नाही वहिनी."

"हे तं पेशंटचं जेवन झालं."

मी तिखटाचा डबा उचलून कपाटावर ठेवला. त्यांच्यावर माझा विश्वास होता, पण त्यांच्या हातावर नव्हता.

मी परसात दादाशेजारी पाटावर बसले. कोंबडी कापून झाली होती. त्याने पोटा (कोंबडीच्या पोटातली दाणे दळणारी जाड मांसल पिशवी) उभा चिरला, आतलं खडे-दाण्याचं अस्तर सोलून काढलं, धुतला, मीठ चोळलं आणि निखाऱ्यावर टाकला. लहानपणी बाबा हेच करायचे. घरात कोंबडी झाली की कालवण शिजेपर्यंत पोटा निखाऱ्यावर भाजायचे आणि दोन भाग करून एक दादाला, एक मला द्यायचे. मी मुलगी म्हणून माझा वाटा कधी लहान नसायचा. बाबा स्वतः खायचे नाहीत.

दादाने गरम गरम पोटा कागदावर ठेवून माझ्यापुढे धरला. "घे. आज तू पुरा खा. चार दिवसाची ताणली हाय तू."

मी खाल्ला. धुराचा वास, मीठ, दातांखाली करकर वाजणारं मांस. कितीतरी दिवसांनी मला भूक लागल्यासारखं वाटलं. कागद चुरगळून आगीत टाकला, बोटं चाटली, आणि फोन वाजला. नफुला होती. गाडी नागपूरच्या बाहेर पडली होती.

"आत्या, काका विचारून राह्यले, कोंबडी गावरान हाय ना म्हून. मी सांगतलं, आमच्या आत्या सात वर्ष काकामेगाले होत्या, त्याइले सगळं माहीत हाय. इमोंडो सांभायून ठेवजा."

मी "हो" म्हणाले. फोन ठेवला आणि आगीत जळणाऱ्या त्या कागदाकडे पाहिलं.

इमोंडो म्हणजे हाच पोटा. लुह्या घरांत कोंबडी पाहुण्यापुढे येते ती पूर्ण. मान, पाय, पंख, सगळं मोजून येतं आणि त्यात पोटा असायलाच हवा. तो घरातल्या मोठ्या पुरुषाचा किंवा मोठ्या पाहुण्याचा. बायका तो खात नाहीत. काकामेगाला एका शेजाऱ्याकडे जेवायला गेलो असता यांच्या ताटात तो आला होता आणि यांना त्याचा अर्थ कळेपर्यंत सगळे हात थांबवून बसले होते. घरी येताना मी स्वतः यांना समजावून सांगितलं होतं. दोन्ही भाषणांत मी हा किस्सा सांगितला होता. पोटा नसलेली कोंबडी पुढे ठेवणं म्हणजे, आम्ही तुला काही मानत नाही, असं तोंडावर सांगणं. आणि तो मी बोटं चाटून खाल्ला होता.

दादाला सांगितलं. तो आधी हसला, मग माझं तोंड पाहून हसायचा थांबला. "एक पोटाच तं हाय. दुकानातून आनू."

दारव्ह्यातल्या कोंबडीच्या तीन दुकानांत आम्ही गेलो. सगळीकडे ब्रॉयलर. पांढरे, मऊ, बोराएवढे पोटे. "गावरानचा काल संपला," तिसऱ्या दुकानदाराने सांगितलं. "बाजारच्या दिशी या." मी घड्याळ पाहिलं. दादाने स्कूटर तांड्याच्या रस्त्याला वळवली. माझा भाऊ आयुष्यभर बस चालवत होता, त्यामुळे स्कूटरही बससारखी चालवतो, प्रत्येक खड्ड्याआधी गियर बदलून. मी मागे बसून मनातल्या मनात त्याला ढकलत होते.

"बाईनं खाल्लं तं काय होते?" मधेच त्याने विचारलं.

"काही होत नाही. पण त्यांच्याकडे चालत नाही."

"हे काही पटलं नाई मले," तो म्हणाला. मग तांडा येईपर्यंत काही बोलला नाही. त्याच्या त्या गप्प बसण्याचीही मला धास्ती वाटायला लागली, कारण दादा गप्प बसला की काहीतरी ठरवत असतो.

शेवंताबाई अंगणात तुरीच्या काड्या रचत होत्या. त्यांनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं आणि हात शेताकडे केला. दिवसा कोंबड्या कुठे सापडतात? सगळ्या तुरीत पसरल्या होत्या. एक सापडली, ती टोपल्यात अंड्यांवर खुडूक बसलेली.

"ते नाई देनार," शेवंताबाई म्हणाल्या. "आज-उद्या पिल्लं निघतीन."

मी आणि दादा तुरीत शिरलो. साठी ओलांडलेली दोन माणसं वाकून, हात पसरून, "या या या" करत फिरत होतो. कोंबड्या आमच्यापेक्षा हुशार होत्या. एकीच्या शेपटीचं एक पीस हाती आलं. माझ्या साडीला तुरीची फुलं आणि चिकटे, दादाचा चष्मा कुठेतरी पडला, तो शोधण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी मी बांधावर बसले आणि मला रडू आलं. मला त्या पोरीचे रविवार दिसत होते, फोन कानाला लावून उभी राहिलेली.

शेवंताबाई आल्या, माझ्याशेजारी बसल्या. "कायले रडता बाई? एक कोंबडा हाय. लेकराइले टोचते म्हून बांधून ठेवला. म्हातारा हाय, शिजनार नाई."

"आम्हाला फक्त त्याचा पोटा हवा आहे."

"आन् बाकीचा?"

"बाकीचा तुम्ही शिजवा. घरचं समजून."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पाहुना तुमचा आन् जेवन आमचं," म्हणाल्या आणि कोंबडा सोडायला उठल्या.

घरी पोचलो तेव्हा गाडी दारात उभी होती.

वहिनींनी प्रसंग निभावून नेला होता. काकांना पाणी दिलं होतं, आरामखुर्चीत बसवलं होतं, भिंतीवरच्या बुद्धमूर्तीच्या फोटोविषयी प्रशांतला सांगायला लावलं होतं. मी मागच्या दाराने शिरले, पोटा कोंबडीच्या रस्स्यात टाकला, झाकण लावलं आणि चुरगळलेल्या साडीवरच पदर सारखा करून बाहेर आले. वेकेसा काका उंच, पांढऱ्या आखूड केसांचे, निवृत्त मुख्याध्यापक. "करिबू," (या, स्वागत आहे) मी म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर अडकलेली तुरीची फुलं पाहिली, पण काही विचारलं नाही.

जेवायला बसलो. काकांच्या गुडघ्यांसाठी शेजारच्या घरून टेबल आणलं होतं. नफुलाने डाव्या हाताने तांब्या धरून त्यांच्या हातांवर पाणी घातलं. वहिनींनी उगाली ताटात उलटवली, करडी, वाफाळती, गोल. काकांनी एक तुकडा तोडून बोटांत वळला, अंगठ्याने खळगा केला, त्यात भाजी घेतली. चावले.

"ज्वारी?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी घाईघाईने पीठ सांडल्याची गोष्ट सांगू लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि दुसरा तुकडा तोडला.

मग त्यांनी कोंबडीचं भांडं जवळ ओढलं. चमच्याने एकेक तुकडा हलवून पाहायला लागले. मान. पाय. पंख. माझ्या समोर नफुला बसली होती, तिचा डावा हात ताटाच्या कडेवर घट्ट आवळलेला. चमचा खाली गेला आणि पोटा वर आला. काकांनी तो चमच्यात धरून जरासा उजेडात फिरवला, मला वाटलं थोडा जास्तच वेळ, आणि दादाच्या ताटात ठेवला.

"या घराचा मोठा माणूस," ते म्हणाले. प्रशांतने दादाला सांगितलं.

दादाने पोट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला, पण तो ठरवून बसला होता. त्याने हाताने पोट्याचे दोन भाग केले आणि एक माझ्या ताटात ठेवला.

नफुलाचा चेहरा उतरला. काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"ताईला?" त्यांनी विचारलं.

"प्रशांत, सांग त्याइले," दादा म्हणाला. त्याचा आवाज बसमधल्या प्रवाशांशी बोलतानासारखा होता, मोठा आणि सरळ. "आमचा बाप असंच करे. पोरगा अन् पोरगी, दोघाइले सारखं. आमी बुद्धाचे लोक हाव. आमच्या घरात बाईसाठी वेगळं ताट नाई."

प्रशांतने भाषांतर केलं. थोडं मवाळ केलं असावं, पण काकांना दादाचा सूर कळला होता. त्यांनी बोट नफुलाकडे करून विचारलं, "आणि ही? ही तुमच्या घरात कोण आहे?"

दादाने हातातला दुसरा अर्धा भाग उचलला आणि नफुलाच्या ताटात ठेवला.

त्याच्या स्वतःच्या ताटात काही उरलं नाही. वहिनींनी भांड्यातून मान काढून त्याला वाढली. नफुलाने तो तुकडा उचलला, काकांकडे पाहिलं. काकांनी मान किंचित हलवली. तिने तो तोंडात टाकला. मीही टाकला. म्हाताऱ्या कोंबड्याचा पोटा होता, चावता चावत नव्हता. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत कितीतरी वेळ चघळत होतो.

काकांनी तिसऱ्यांदा उगाली घेतली. हात धुतल्यावर खिशातून फोन काढला आणि लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. मला लुह्या येत नाही, पण नफुला आमच्यासाठी पुटपुटत सांगत होती.

"आई विचारून राह्यली, जेवले का म्हून."

काका बोलले.

"म्हणून राह्यले, जेवलो. ज्वारीची उगाली, आजीच्या हातावानी."

मग पलीकडून एक प्रश्न.

"विचारून राह्यली, इमोंडो दिलं का तुमाले?" नफुलाने काकांकडे पाहिलं. काकांनी तिच्याकडे पाहून हळूहळू, एकेक शब्द तोडत उत्तर दिलं. त्याचं भाषांतर तिने केलं नाही, पण तिचं नाव त्यात ऐकू आलं.

मग तोच आवाज पुन्हा आला, एकच छोटं वाक्य, आणि काकांनी फोन नफुलापुढे धरला.

ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लावलं नाही. ती काय बोलली ते आम्हाला कळलं नाही, कारण बराच वेळ ती बोललीच नाही, फक्त "मामा, मामा" (त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात) म्हणत राहिली. वहिनी ओट्याशी जाऊन उगाच भांडी घासायला लागल्या. दादा चष्मा पुसत बसला. माझी चार दिवसांची काळजी एकदम निघून गेली आणि इतका थकवा आला की मी तिथेच खुर्चीत डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी परतीला मी काकांच्याच गाडीतून यवतमाळपर्यंत आले. प्रशांत पुढे बसला होता. कापसाच्या गाड्या तशाच चालल्या होत्या, बाभळीवर पुंजके तसेच. लाडखेडच्या अलीकडे रस्त्याकडेच्या गवतावर मला अजून थोडं पांढरं दिसलं, पण ते कापूस असेल. काका खिडकीबाहेर पाहत होते. मधेच माझ्याकडे वळले आणि प्रशांतला कळू नये म्हणून स्वाहिलीत (सात वर्षांत तेवढी मी शिकले होते) हळू आवाजात म्हणाले.

"काल भांड्यात कोंबडी होती. इमोंडो मात्र कोंबड्याचं होतं. म्हाताऱ्या कोंबड्याचं."

मी पिशवीची दोरी उगाच घट्ट करायला लागले.

"माझ्याकडे चाळीस वर्षं कोंबड्या आहेत," ते म्हणाले. "पहिलं कुणी खाल्लं?"

"मी," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. नुसते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला काल दोनदा मिळालं. माझ्या बायकोने लग्नापासून ते हाताने साफ केलं, शिजवलं, माझ्या ताटात ठेवलं. तिला कसं लागतं ते मला माहीत नाही." यवतमाळच्या स्टँडवर त्यांनी माझी पिशवी स्वतः उतरवून दिली.

नाशिकला आल्यावर यांनी दारातच विचारलं, "जमली उगाली?" मी म्हणाले, "वहिनींनी केली. मी कोंबडी पकडायला गेले होते." पुढच्या महिन्यात महिला मंडळात मी उभी राहून सांगूनही टाकलं की मला आफ्रिकेचा स्वयंपाक येत नाही, कधी येत नव्हता. बायका हसल्या, एकदोघी रुसल्या. मुइको आता भिंतीवर नाही, ओट्याच्या कडेला असतो आणि कण्या ढवळताना माझ्या तळहातावर एक छोटा घट्टा आला आहे. मी तो कुणी आलं की दाखवते.

परवा नफुलाचा फोन आला. आईशी आता रविवारी तासभर बोलणं होतं. वेकेसा काका घरी पोचले, आणि पहिल्याच जेवणात त्यांनी इमोंडो उचलून काकूंच्या ताटात ठेवलं. सगळं घर पाहत राहिलं.

"मग?" मी विचारलं. "काकू काय म्हणाल्या?"

"खाल्लं त्याइनं," नफुला म्हणाली. "लई येळ चाबलत होत्या. मंग म्हणाल्या, एवढ्यासाठी होतं का हे सगळं?"